जुनं नाव ठेवायचंय? आधी आजीला विचारा



जून महिन्यात पहिलीचा नवा हजेरीपट तयार झाला की मी आधी त्यातली नुसती नावं वाचून काढते. आमचं गाव देवळाली कॅम्प. इथे तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे लष्करी कुटुंबांची मुलं देशाच्या कानाकोपऱ्यातून आमच्या शाळेत येतात. शिवाय भगूर, संसरी, लहवित अशा आजूबाजूच्या गावांतली मुलं असतात, कॅम्पातल्या सिंधी-गुजराती दुकानदारांची मुलं असतात. 'गुरप्रीत' हे नाव मुलाचं की मुलीचं, हे यादीवरून कळत नाही. एखाद्या तमिळ मुलाला आडनावच नसतं, वडिलांच्या नावाचं फक्त एक अक्षर असतं. नावांच्या बाबतीत आमचा वर्ग म्हणजे छोटा भारतच.

मराठी मुलांच्या नावांत मात्र गेली बरीच वर्षं एकच लाट होती. आरव, विहान, शिवांश, अन्वी, कियारा. आता अंगणवाडीतून येणाऱ्या यादीत वेगळी नावं दिसायला लागली आहेत. मुक्ता, रमा, जिजा, अहिल्या, राधा, शंभू. आपल्या आजी-पणजीच्या पिढीतली नावं परत येत आहेत.

यावर आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट आहेत. एक तट म्हणतो, "छानच आहे. अर्थ कळतो, म्हणायला सोपं, आपलं वाटतं." दुसरा तट म्हणतो, "हौस आईबापांची आणि त्रास पोराला. एवढ्याशा जिवाला कशाला म्हातारं करायचं?" दोन्ही बाजूंचं म्हणणं मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. पण नाव जुनं की नवं, हा प्रश्न मला आता दुय्यम वाटतो. ते नाव आधी कुणाचं होतं आणि त्या माणसाला ते कसं मिळालं, हे पहिल्यांदा विचारायला हवं. माझं हे मत पक्कं झालं ते आमच्याच घरातल्या एका बारशामुळे.

घरातला वाद

गेल्या वर्षी माझ्या भाच्याला, म्हणजे भावाच्या मुलाला, मुलगी झाली. भाचा आणि सूनबाई दोघंही पुण्यात नोकरी करतात. बारसं मात्र भगूरच्या घरी करायचं ठरलं, कारण माझी आई तिथे असते आणि आता तिला प्रवास झेपत नाही. आई ऐंशीच्या पुढे आहे.

सूनबाई मला म्हणाली, "आत्या, आम्हाला जुनं नाव हवंय. पणजीचंच ठेवूया ना! गोदावरी. घरी गोदा म्हणू. नाशिकची मुलगी आणि नाव गोदा, किती छान!"

भाचा खूश. भावाने पंचांग काढलं, त्यात अक्षर भलतंच निघालं, पण तो म्हणाला, "पाळण्यातलं वेगळं ठेवू, कागदावरचं वेगळं." अडून बसल्या त्या आमच्या वहिनी.

"अजिबात नाही. माझं नाव द्वारका. कॉलेजात मुली मला विचारायच्या, द्वारकाबाई, भाकऱ्या झाल्या का थापून? तुम्हाला गंमत वाटते, कारण तुमची नावं नवीन होती. जुन्या नावाचं ओझं काय असतं ते मला विचारा."

वहिनींचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आज ज्याला आपण 'व्हिंटेज' म्हणून मिरवतो, त्याच नावाने कुणीतरी तरुणपणी मान खाली घातलेली असते. दोन दिवस सासू-सुनेत जेवढ्यास तेवढं बोलणं चाललं होतं.

या सगळ्यात आईला कुणी काही विचारलं नव्हतं. आपलं नाव पणतीला मिळणार म्हटल्यावर ती हरखून जाईल, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. ती शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "माझं नाव ठेवू नका."

"का गं आजी? तुला आवडत नाही का?" भाच्याने विचारलं.

"आवडायचा प्रश्न नाही. ते माझं नावच नाही. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं, तेव्हा मला कळलं की मी आता गोदावरी झाले. माझ्या सासूबाईंची सासू गोदावरी होती, म्हणून ठेवलं. मला कुणी विचारलं नाही. माझं नाव वेणू."

मग थोडं थांबून म्हणाली, "गोदावरी ठेवायचं तर नदीसाठी ठेवा. माझ्यासाठी म्हणून नको."

माझा मामा तिला शेवटपर्यंत वेणूताई म्हणायचा. मामा गेला आणि त्या नावाने हाक मारणारं शेवटचं माणूस गेलं. रेशनकार्ड, मतदार यादी, सातबारा, आधार, सगळीकडे आई गोदावरीच. माहेरहून आलेल्या एका पितळी डब्यावर 'चि. वेणू हिस' असं कोरलेलं आहे, पण डाळ भरताना ते कोण वाचतं?

आपल्या इतिहासातल्या वेणू

आईसारखं किती जणींचं झालं असेल, याची उदाहरणं आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि वाचनालयांत आहेत. आपण ती फक्त या नजरेने पाहत नाही.

डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेणारी आपली पहिली मराठी स्त्री. माहेरी तिचं नाव यमुना होतं, आनंदी हे सासरचं नाव. रमाबाई रानडे यांचंही माहेरचं नाव यमुनाच. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक तर आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. माहेरी त्या मनकर्णिका, घरच्यांची मनू. आणि ज्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न करून समाजाचा रोष ओढवून घेतला, त्यांच्या पत्नी गोदूबाई याही लग्नानंतर आनंदीबाई झाल्या. पुढे सगळे त्यांना बाया कर्वे म्हणूनच ओळखू लागले. एवढ्या मोठ्या सुधारकाच्या घरातही नाव बदलण्याची रीत टिकली.

पुरुषांची नावं बदलत नव्हती असं नाही. आपले कुसुमाग्रज जन्मले तेव्हा गजानन रंगनाथ शिरवाडकर होते. दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन झाले. पण पुरुषाचं नाव बदलायला दत्तकविधान लागायचं, आणि ते थोड्यांच्याच वाट्याला यायचं. बाईचं नाव बदलायला नुसतं लग्न पुरायचं.

म्हणून 'आजीचं नाव नातीला' असं आपण म्हणतो, तेव्हा आजीचं कुठलं नाव, हा प्रश्न आधी येतो. तिला आईबापांनी दिलेलं, की तिच्यावर नंतर चढवलेलं?

सगळी जुनी नावं जपण्याजोगी नसतात

जुनं ते सोनं असं सरसकट म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पूर्वी घरात मुलं जगत नसली की पुढच्या मुलाला धोंडू, दगडू, केरू, उकिरडा, भिकू अशी नावं ठेवत. मूल इतकं क्षुल्लक आहे असं दाखवायचं, की दृष्ट लागू नये आणि मृत्यूने त्याच्याकडे वळून पाहू नये. नाव ओबडधोबड होतं, पण त्यामागे मूल जगावं ही आईची तळमळ होती. धोंडो हे नाव घेऊन महर्षी कर्वे शंभरी गाठून जगले आणि १९५८ मध्ये भारतरत्न झाले, तेव्हा त्या नावालाच मोठेपण आलं.

पण 'नकोशी' हे नाव या रांगेत बसत नाही. मुलगाच हवा असताना पुन्हा मुलगी झाली, म्हणून तिचं नाव नकोशी. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात प्रशासनाने कार्यक्रम घेऊन अडीचशेहून जास्त नकोशींना नवी नावं दिली. रोज हजेरीला 'नकोशी' म्हटल्यावर 'हजर' म्हणायचं, म्हणजे त्या मुलीने रोज काय कबूल करायचं? धोंडू आणि नकोशी दोन्ही जुनीच नावं. एकाच्या पोटात माया आहे, दुसऱ्याच्या पोटात नकार. नावाचं वय पाहून हा फरक कळत नाही, त्याची गोष्ट विचारली तरच कळतो.

चिडवण्याचं काय?

वहिनींचा मुद्दा इथे परत येतो. शाळेत चिडवतील, हे खरं आहे. पण कुठल्याही नावावरून चिडवता येतं. आमच्या गावाचंच पाहा ना. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डुलॅली' म्हणतात. तो शब्द आमच्या देवळालीवरून आला. ब्रिटिशांच्या काळात मायदेशी परतणारे गोरे सैनिक इथल्या छावणीत जहाजाची वाट पाहत महिनोन् महिने पडून असायचे. काम नाही, उकाडा, वर हिवताप. त्या रिकामपणाने काहींचं डोकं ठिकाणावर राहायचं नाही. दोष गावाचा नव्हता, पण शब्द गावाच्या नावाला चिकटला. नावाला काय चिकटणार हे ते नाव घेणारे लोक ठरवतात.

शाळेत ते आपण ठरवतो. हजेरी घेताना शिक्षक ज्या सुरात नाव घेतात, त्याच सुरात वर्ग ते नाव घेतो. शिक्षक एखाद्या नावाशी थबकले, ओठ दाबून हसले, की मधल्या सुट्टीत त्याचं चिडवणं तयार झालंच म्हणून समजा.

आपल्या जिल्ह्याच्या आदिवासी भागात वारावरून नावं ठेवायची पद्धत होती. सोमवारी जन्मला तो सोमा, बुधवारचा बुध्या, शुक्रवारचा शुक्र्या. अशा मुलाचं नाव शाळेत दाखल करताना 'हे काय नाव आहे?' म्हणून गुरुजी परस्पर दुसरं नाव लिहून टाकायचे. आता हे ऐका. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान हे आफ्रिकेतल्या घाना देशाचे. तिथल्या अकान लोकांतही जन्मवारावरून नाव ठेवतात, आणि कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा. म्हणजे आपला शुक्र्याच की! ते नाव घेऊन ते जगाच्या व्यासपीठावर दहा वर्षं बसले. त्यांचं नाव बदलावं असं कुणाला वाटलं नाही.

रजिस्टरमधली एक ओळ

आईचं बोलणं ऐकल्यावर माझ्यातली शिक्षिका जागी झाली. आई चौथीपर्यंत शिकलेली आहे. म्हणजे तिच्या माहेरच्या शाळेत कुठेतरी ते नाव लिहिलेलं असणार. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी सिन्नर तालुक्यातल्या त्या गावी गेले. मुख्याध्यापक सर तरुण होते. कारण ऐकून आधी हसले, मग स्वतःच कपाटातून जुनी जनरल रजिस्टरं काढायला लागले. पिवळी पानं, शाईचं अक्षर, कडा वाळवीने खाल्लेल्या. तासाभराने ती ओळ सापडली. वेणू, वडिलांचं नाव, आडनाव, धंदा शेती. जन्मतारीख अर्थातच १ जून! त्या तारखेला अर्धा महाराष्ट्र जन्मला आहे, हे आपल्याला शिक्षक म्हणून ठाऊक आहेच.

माझ्या आईचं खरं नाव सांगणारा सगळ्या सरकारदरबारी तेवढाच एक कागद होता, आणि तो शाळेत होता. आपण रोज कंटाळून भरतो त्या रजिस्टरची किंमत मला त्या दिवशी कळली.

मोबाइलवर फोटो काढून आणला. आईने चष्मा लावून तो मोठा करून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "आमच्या गुरुजींचं अक्षर चांगलं होतं."

शेवटी काय ठरलं

बाळाचं नाव वेणू ठेवलं. सूनबाईला ते गोदावरीपेक्षाही आवडलं. वहिनींनी दोन-तीन दिवस ते तोंडात घोळवून पाहिलं आणि म्हणाल्या, "दोनच अक्षरं आहेत, चिडवायला जागा कमी आहे." शाळेतल्या माझ्या एका मल्याळी सहकारी बाईंनी सांगितलं, "आमच्याकडे वेणू हे मुलाचं नाव असतं बरं का." त्यावर भाचा म्हणाला, "असू दे. गुरप्रीतचं कुठे काय अडतं?"

जन्माचा दाखला हातात आला तेव्हा त्यावर बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव असा क्रम होता. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने हा नियम केला आहे. मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आमच्या वेळी बाईचं नाव पुसायचे. आता लेकराच्या नावात घालतात होय? बरं झालं."

आणि हो, आई स्वतः पणतीला वेणू म्हणत नाही. "बाळी" म्हणते. मी कारण विचारलं तर म्हणाली, "स्वतःलाच हाक मारल्यासारखं वाटतं गं." तिला पुन्हा वेणू म्हणणारं कुणी आलं असंही नाही, कारण आम्ही तिची मुलं-नातवंडं तिला नावाने कशी हाक मारणार? पण घरात ते नाव आता दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतं, आणि प्रत्येक वेळी आईची मान थोडी वळते.

पालकांसाठी थोडं

१. घाई करू नका. जन्मनोंदणी वेळेत करायचीच, पण तेव्हा नाव ठरलेलं नसेल तरी चालतं. नोंदणीनंतर बारा महिन्यांच्या आत बाळाचं नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं.

२. घरातल्या कुणाचं नाव द्यायचं असेल आणि ती व्यक्ती हयात असेल, तर तिला आधी विचारा. हयात नसेल तर तिच्या भावंडांना, मैत्रिणींना विचारा. नाव तिला आवडायचं का, तिला ते कुणी दिलं, एवढं तरी कळू द्या.

३. नाव ठरलं की देवनागरीत आणि इंग्रजीत कसं लिहायचं ते एकदाच ठरवा. अंकशास्त्रासाठी म्हणून जादा अक्षरं घुसडू नका. आधारवर एक स्पेलिंग आणि दाखल्यावर दुसरं, असं झालं की पुढे पोराला किती खेटे घालावे लागतात ते आम्ही रोज पाहतो.

शिक्षकांसाठी एक उपक्रम

चौथी-पाचवीच्या वर्गात मी 'माझ्या नावाची गोष्ट' हा निबंध देते. मुलांनी घरी तीन प्रश्न विचारायचे. माझं नाव कुणी ठेवलं? का ठेवलं? दुसरं कुठलं नाव ठेवणार होते? यंदापासून चौथा प्रश्न जोडला आहे. आजीचं माहेरचं नाव काय होतं?

पहिल्याच वर्षी वहीत आलेली नावं वाचताना मी थक्क झाले. ठकू, हौसा, चंद्रभागा, सोनू, बयो, कृष्णा. एका मुलाने लिहिलं होतं, "आजीचं नाव मला माहीत नव्हतं. मी तिला आजीच म्हणतो. बाबांनाही लग्नाआधीचं माहीत नव्हतं. आजोबांना विचारलं तर ते पण विचार करत बसले."

उपक्रम घेताना एक काळजी मात्र घ्या. निबंध सगळ्यांसमोर वाचायची सक्ती करू नका. एखाद्या मुलीच्या नावामागची गोष्ट नकोशीसारखी असू शकते. एखाद्या मुलाला नाव ठेवणारं माणूस आज त्याच्यासोबत नसेल. त्यांनी तुम्हाला एकट्याला सांगितलं तरी पुष्कळ आहे. सांगितलंच नाही तरी चालेल.

जुनी नावं परत येत आहेत, याचा मला आनंद आहे. पण नुसती कानाला गोड लागतात म्हणून ती उचलली, तर चार वर्षांनी दुसरी लाट येईल आणि ती पुन्हा विसरली जातील. नावाबरोबर त्या माणसाचीही आठवण घरात आली, तर ते नाव टिकेल. म्हणून आज संध्याकाळी एवढंच करा. घरी आजी असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "तुमचं लग्नाआधीचं नाव काय होतं?" त्या जे सांगतील ते मुलाला वहीत लिहायला लावा, तारखेसकट.